नित्याचे सौजन्य आणि सृष्टीचे धैर्य

संसारी मनुष्याला निराशा कोणी शिकवावी लागत नाही. घरातील दुखणे, हाताशी आलेल्या पिकाची नासाडी, आप्तांचा कोरडेपणा आणि रोज कानी पडणाऱ्या कपटाच्या वार्ता एवढी सामग्री तिला पुरते. अर्जुनाचा विषाद रणांगणावरचा होता. गृहस्थाचा विषाद माजघरातला असतो. परंतु दोहोंचा परिणाम एकच, तो म्हणजे हातातील कर्तव्य गळून पडणे. म्हणूनच धैर्य कोठून आणावे, हा प्रश्न धर्माचाही प्रश्न आहे.

काहीजण म्हणतात, सृष्टीकडे पाहावे. तोडलेले झाड पुन्हा फुटते, जळलेले रान पुन्हा हिरवे होते, मग मनुष्यानेच का खचावे? हे उत्तर खरे आहे. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरेपणीच ग्रहण केले तर प्रसंगी निष्ठुरही ठरते.

छत्तीसगडातील भातशेतीची एक रीत येथे विचारात घेण्याजोगी आहे. तेथे पुष्कळ ठिकाणी धान फेकून पेरतात. सुमारे महिन्याने, शेतात पुरेसे पाणी साठले की, शेतकरी त्या उभ्या पिकातच नांगर घालतो. या क्रियेला ब्यासी म्हणतात. परक्या माणसाने पाहिले तर त्याला वाटावे की, हा आपल्याच हाताने आपले पीक मोडीत आहे! रोपे आडवी होतात, काही उपटली जातात. परंतु त्याच वेळी तण गाडले जाते, चिखल मोकळा होतो, आणि थोड्याच दिवसांत रोपे सावरून त्यांना नवे फुटवे येतात. उपटलेली रोपे शेतकरी विरळ जागी पुन्हा हाताने लावतो. पुढे तेच शेत लोंब्यांनी वाकते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, दुःखाच्या नांगरानेच जीवन समृद्ध होते. पण शेतकऱ्यास विचारावे! पाऊस लांबला आणि बांधात पाणी साठले नाही, तर तो ब्यासी करीत नाही. कोरड्या शेतातील रोपावर नांगर फिरवणे म्हणजे त्याचा नाश करणे, हे तो जाणतो. रोप पुन्हा उभे राहते ते नांगरामुळे नव्हे. मुळाशी पाणी असते म्हणून. मनुष्याचेही असेच आहे. संकटातून कोणी तावून सुलाखून निघाला, तर त्याच्या मुळाशी कोणाची तरी दया पाण्यासारखी उभी होती, असे बहुधा आढळून येईल.

याची साक्ष त्याच प्रदेशातील रायपूर नगरात मिळते. तेथे तेलीबांधा नावाचे जुने तळे आहे. त्याच्या जवळून जाणारा रस्ता म्हणजे मुंबईहून नागपूरमार्गे कलकत्त्याकडे जाणारा जुना राजमार्ग होय. नगर वाढले तसे हे तळे मलिन होत गेले. पुढे महापालिकेने ते स्वच्छ केले, काठच्या झोपड्यांतील कुटुंबांसाठी जवळच पक्की घरे बांधली, आणि आता सायंकाळी आबालवृद्ध तेथे फिरावयास येतात. तळ्यात पुन्हा जिवंत होण्याची शक्ती होतीच. परंतु मनुष्याच्या हाताची जोड मिळेपर्यंत ती दबून राहिली होती.

त्याच राजमार्गावर नगराच्या पश्चिमेस टाटीबंध चौक आहे. 2020 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या साथीमुळे सर्व वाहतूक थांबली असता, महाराष्ट्रातून व इतर प्रांतांतून झारखंड, ओरिसा, बंगालकडे निघालेले हजारो मजूर त्या चौकात येऊन पोहोचत. तेथे रायपूरच्या नागरिकांनी त्यांच्या हाती अन्न दिले, पाणी दिले, पोळलेल्या पायांसाठी चपला दिल्या. घेणारा पुन्हा जन्मात भेटणार नाही, हे देणाऱ्यास ठाऊक होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे, की परतफेड न करू शकणाऱ्यास योग्य स्थळी, योग्य वेळी दिलेले ते दान, त्याचा अर्थ त्या चौकात भाष्यावाचून कळत होता.

हे औदार्य एका दिवसात उगवत नाही. छत्तीसगडात पौष पौर्णिमेस छेरछेरा हा सण असतो. खळ्यातील धान घरी आले की त्या दिवशी लहान-थोर दारोदार धान मागत फिरतात, आणि विन्मुख कोणास पाठवावयाचे नाही असा रिवाज आहे. मागण्याची लाज आणि देण्याचा ताठा दोन्ही एका दिवसापुरते तरी गळून पडतात. दरवर्षी ओंजळभर धान देणारा हात संकटाच्या वर्षी आखडत नाही, कारण त्याला देण्याची सवय जडलेली असते.

मग ज्याच्या ठायी दया दिसतच नाही, त्याचे काय? याचे उत्तर त्याच भूमीतील सालवृक्ष देतो. सालाचे कोवळे रोप वणव्याने, अवर्षणाने वर्षानुवर्षे वरून मरते. वर काही दिसत नाही, परंतु खाली मूळ जगते आणि जाड होत जाते. अखेर एका वर्षी फुटलेला कोंब टिकतो व त्याचा वृक्ष होतो. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत आणणारे माधवराव सप्रे (1871-1926) यांचे देहावसान रायपुरातच झाले. त्यांनी 1901 साली 'छत्तीसगढ मित्र' या आपल्या मासिकात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध केली. तीत एक जमीनदार अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. ती चुलीसाठी तेथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागण्याची त्यालाच विनंती करते. त्याच्याने ती उचलवत नाही. एवढी माती पेलत नाही, तर या झोपडीतील सगळ्या मातीचा भार जन्मभर कसा पेलाल, असे ती त्याला विचारते. तो लज्जित होतो आणि झोपडी परत देतो. त्या जमीनदाराचे मूळ मेलेले नव्हते. त्याला एका निर्वैर शब्दाची ओल हवी होती.

तात्पर्य, सृष्टीचे धैर्य पाहून गृहस्थाने स्वतःपुरते म्हणावे, 'मीही पुन्हा उभा राहीन.' परंतु शेजाऱ्याच्या दुःखासमोर तेच वाक्य उच्चारून स्वस्थ बसू नये. तेथे त्याने आपल्या घरात काय आहे ते पाहावे: शिळोप्याची घटकाभर वेळ, भाकरीचा चतकोर, आजाऱ्याच्या उशाशी एक रात्र. ज्याने आपणास कधी असे काही दिले, त्याचे ऋण बहुधा त्याला फेडता येत नाही. ते पुढच्या गरजवंताच्या पदरात घालावे लागते. ज्या घरी हे नित्य घडते, त्या घरावर नांगर फिरला तरी मुळाशी पाणी असते.