व्हिसा, भाकरी आणि सदसद्विवेक

वाचकहो, परदेशी नोकरीस निघालेल्या तरुणाला आपण पुष्कळ गोष्टी विचारतो. पगार किती, राहण्याजेवण्याची सोय कशी, सुट्टी किती वर्षांनी, तेथे उपासनेला जाता येईल काय. मात्र व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, हे आपण सहसा विचारीत नाही. ‘व्हिसा आला’ एवढे कानी पडताच घरात पेढे वाटले जातात आणि रविवारी मंडळीत उपकारस्तुती होते. कागदावर काय लिहिले आहे ही बाब एजंटाची, आपली नव्हे, अशी आपली समजूत असते. ती समजूत येथे तपासून पाहू. नोकरीसाठी निघालेल्या माणसाने भेटीच्या व्हिसावर जाणे ही केवळ कायद्याची बाब आहे, की सदसद्विवेकाचीही?

व्हिसा म्हणजे एका साध्या प्रश्नाचे उत्तर होय. यजमान देश विचारतो, ‘आपण येथे कशासाठी येत आहात?’ भेटीसाठी, शिक्षणासाठी, उपचारासाठी की कामासाठी, याप्रमाणे व्हिसाचे प्रकार ठरतात. आपल्यापैकी अनेकांचे नातलग ज्या संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा या भागांत आहेत, तेथील उदाहरण घ्या. तेथे भेटीच्या व्हिसावर काम करण्यास मनाई आहे. कामासाठी मालकाने सरकारी मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो, पगार व काम नमूद केलेला करार नोंदवावा लागतो आणि त्यानंतर कामगाराला निवासाचा हक्क मिळतो. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यासही तेथील २०२१ च्या कामगार कायद्याने बंदी केली आहे. नोकरी शोधण्यासाठी येणाऱ्या पात्र उमेदवारांकरिता २०२२ पासून निराळा व्हिसाही आहे. म्हणजे शोधणे हा अपराध नव्हे. भेटीला आलो असे सांगून दुसऱ्याच दिवशी कामावर उभे राहणे, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

आता कोणी म्हणेल, ‘यात कोणाचे काय बिघडले? तो चोरी करीत नाही, घाम गाळून भाकरी मिळवतो. आणि सगळेच असे जातात.’ हा आक्षेप हलका नाही. ज्याच्या घरी कर्ज आहे, बहिणीचे लग्न खोळंबले आहे, त्याला उपदेश करणे सोपे असते. म्हणून नुकसान कोणाचे होते, तेच आधी पाहू.

समजा, असा एक तरुण बांधकामावर लागला. दोन महिने पगार मिळाला, तिसऱ्या महिन्यापासून बंद झाला. त्याचा करार कोठेही नोंदलेला नाही. कामगार खात्याकडे जावे, तर पहिल्याच वाक्यात स्वतःचा अपराध कबूल करावा लागतो. मालकाला हे ठाऊक असते. किंबहुना म्हणूनच त्याने असा माणूस निवडलेला असतो. व्हिसाची मुदत संपली की दंड चढू लागतो आणि परत येण्याची वाटही महाग होते. असत्याचा खरा दंड हाच आहे. ते माणसाचा आवाज काढून घेते. ज्याने आपल्याविषयी खोटे सांगून प्रवेश केला, त्याला पुढे आपल्यावर झालेला खरा अन्याय सांगता येत नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे उत्पत्तीचा बारावा अध्याय आठवेल. दुष्काळ पडला म्हणून अब्राम मिसर देशात उतरला. पोटासाठी परमुलखात गेलेला तो एक प्रवासीच होता. भयापोटी त्याने साराय ही आपली बहीण आहे असे सांगावयास लावले. विसावा अध्याय सांगतो की ती त्याची सावत्र बहीण होतीही. म्हणजे ते अर्धसत्य होते, जसे ‘दुबईत चुलतभावाला भेटावयास चाललो आहे’ हे पुष्कळदा अर्धसत्य असते. परंतु त्या अर्धसत्याची किंमत कोणी दिली? अब्रामाला मेंढरे व गुरे मिळाली आणि साराय परक्याच्या घरात नेली गेली. शेवटी खडे बोल सुनावले ते फारोने. असत्य बहुधा सोय एकाची करते आणि ओझे दुसऱ्याच्या, अधिक दुर्बळाच्या, खांद्यावर टाकते.

प्रत्येक असत्य एकाच तागडीत तोलावे काय? संत ऑगस्टीन यांनी या विषयावर दोन ग्रंथ लिहिले आणि कोणतेही असत्य निर्दोष मानले नाही. तरीही निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील इब्री सुइणींनी फारोपासून सत्य दडवून बालकांचे प्राण वाचविले आणि देवाने त्यांचे कल्याण केले, हेही आपण वाचतो. जीव मुठीत धरून पळणाऱ्या निर्वासिताचा न्याय आपण कागदावरून करू नये. पण नोकरीस निघालेल्याची स्थिती निराळी असते. त्याच्यापुढे बहुधा सरळ दार असते. ते उशिरा उघडते, एवढेच.

ते दार आपल्या देशातही आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परवानाधारक एजंटांची व्यवस्था केली. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीस जाताना त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असून अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते. ‘भेटीच्या व्हिसावर चल, ही कटकटच नको’ असे एजंट सांगतो, तेव्हा तो त्या संरक्षणातूनच माणसाला बाहेर काढीत असतो.

म्हणून या पापाची वाटणी नीट करावी. सर्वात थोडा वाटा त्या तरुणाचा. मोठा वाटा जाणूनबुजून फसविणाऱ्या एजंटाचा आणि स्वस्त, मुका मजूर हवा असलेल्या मालकाचा. अमिरातीने २०२४ साली विनापरवाना कामगार ठेवणाऱ्या मालकांचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम इतका वाढविला, यात हाच न्याय दिसतो. आणि एक वाटा आपलाही असतो. ‘आधी ये, मग पाहू’ असे कळविणारा नातलग, दागिने गहाण ठेवून घाई करणारे वडील, काहीही न विचारता उपकारस्तुती करणारी मंडळी, असे आपण सारे त्या कागदावर न दिसणारी सही करीत असतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी घरातून अथवा मंडळीतून कोणी निघेल, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी त्याच्यासोबत बसा. व्हिसावर नोकरी असे लिहिले आहे काय? करारातील पगार आणि तोंडी सांगितलेला पगार एकच आहे काय? एजंटाचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे काय? तो ३०,००० रुपये व कर यांहून अधिक सेवाशुल्क मागतो काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर ‘थांब’ म्हणा. परंतु केवळ ‘थांब’ म्हणून उठू नका. थांबण्याच्या त्या महिन्यांत त्याच्या घरची चूल पेटती राहील, कर्जाचा हप्ता भरला जाईल, याची काळजी मंडळीने वाहिली पाहिजे. जो भुकेल्याला सत्य बोलावयास सांगतो, त्याने त्या सत्याच्या खर्चातही वाटा उचलला पाहिजे.