मुळाकाठची हिंजवडी

डब्लिनच्या पश्चिमेला लिफी नदीकाठी लेक्सलिप नावाचं छोटं गाव आहे. 1989 मध्ये तिथे इंटेल आली. त्याच्या कितीतरी आधी विजेसाठी नदी अडवली गेली आणि सॅमन मासे उड्या मारत चढायचे तो धबधबा पाण्याखाली गेला. पण त्या धबधब्याचं नाव लावणारा क्लब आजही तिथे होड्या वल्हवतो.

आपल्या हिंजवडीचीही निम्मी कथा हीच. टाटांच्या विजेसाठी मुळा मुळशीला अडवली. बुडणाऱ्या गावांसाठी 1921 मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले. तरी धरण झालं आणि पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं. उरलेली मुळा महाळुंगे-वाकडपर्यंत येते ती सांडपाणी पोटात घेऊन. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की वरच्या मजल्यावरून हिरवळच वाटावी. संध्याकाळी दारं लावून घ्यायची, डासांवर रॅकेट फिरवायची. फ्लॅट घेताना ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे मोजलेले असतात, ते वेगळंच! खाली गेटवर टँकर उभा.

नदी घाण झाली म्हणून माणसं दुरावली, असं म्हणतात. मला ते उलटं वाटतं. आधी नदीशी काम पडेनासं झालं, मग ती कुणी काहीही सोडावं अशी झाली. वाहतूक कोंडीचं पाहा. तिच्यात गावकरी, आयटीवाले, रिक्षावाले सगळेच अडकतात, म्हणून तिच्यावर बोंब होते, मोर्चे निघतात, माण ते शिवाजीनगर मेट्रो आखली जाते. नदीवाचून मात्र कुणाचंच अडत नाही.

हनुमान जयंतीला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं. त्याचं लाकूड मुळशीच्या रानातून येतं. गळकऱ्याला गळ टोचतात, बगाड हलतं, आणि एरवी कंपन्यांच्या बसगाड्यांचा असलेला रस्ता तेवढा वेळ गावाचा होतो. त्या रानातलं लाकूड अजून मानानं खाली येतं, कारण त्यावाचून जत्रा अडते.

म्हणून रविवारच्या नदी-स्वच्छता मोहिमांवर माझा फारसा भरवसा नाही. फोटो चांगले येतात, एवढं खरं. सोसायटीच्या टाकीत मुळेचंच पाणी शुद्ध करून चढवायची वेळ आली, तर वरच्या नाल्यात कोण काय सोडतं हा वार्षिक सभेतला पहिला विषय होईल. पार्किंगच्याही आधीचा.