आठवी आज्ञा आणि आपला अंगठा



2016 साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. पोप फ्रान्सिस यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला, अशी बातमी तेव्हा फेसबुकवर वणव्यासारखी पसरली. बातमी साफ खोटी होती. पुढे 2018 च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी पोप महोदयांनी खोट्या बातम्या हाच विषय घेतला आणि एदेन बागेतल्या सर्पाची आठवण करून दिली. सर्प शत्रू म्हणून येत नाही. हितचिंतकाच्या सुरात बोलतो, म्हणून एवा त्याचे ऐकते.

मग ह्या कंपन्या अशा असत्याला आवर घालीत नाहीत का? घालतात, पण प्रत्येकीची रीत वेगळी आणि तीही बदलती. फेसबुकने डिसेंबर 2016 मध्ये बाहेरच्या संस्थांकडून बातम्या तपासून घ्यायला सुरुवात केली. परंतु राजकारण्यांची वक्तव्ये व जाहिराती त्यातून वगळल्या; मतदारांनीच काय ते ठरवावे, असे 2019 मध्ये सांगितले. ट्विटरने त्याच वर्षी 22 नोव्हेंबरपासून राजकीय जाहिराती बंद केल्या. मालक बदलल्यावर, 2023 मध्ये, त्या अमेरिकेत पुन्हा सुरू झाल्या. जानेवारी 2025 मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने अमेरिकेतील तपासणी थांबवून ते काम वापरणाऱ्यांच्या टिपणांवर सोपविण्याचे जाहीर केले. युरोपात ऑक्टोबर 2025 मध्ये जाहिरातींच्या पारदर्शकतेचा कडक कायदा लागू झाला, तेव्हा गूगल व मेटा यांनी तेथील राजकीय जाहिरातीच बंद केल्या.

आपल्या देशात निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2013 मध्ये पक्ष व उमेदवारांना समाजमाध्यमांवरील जाहिराती आधी प्रमाणित करून घेण्याचे बंधन घातले. 2019 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी फेसबुकनेही जाहिरातदाराची ओळख आणि पैसे देणाऱ्याचे नाव दाखविण्याची सक्ती केली. हे सर्व चांगलेच आहे. पण बंधुभगिनींनो, हे नियम पैसे मोजून दिलेल्या जाहिरातीचे आहेत. आपल्या फोनवर रोज सकाळी फुकट येते, ती जाहिरात नव्हेच. ती आपला मावसभाऊ पाठवतो, शेजारी पाठवतो, आणि म्हणूनच आपण तिच्यावर विश्वास ठेवतो.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. मारले गेलेले लोक भिक्षेकरी भटक्या जमातीचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. कंपनीला संदेश वाचता येत नाही. म्हणून ती खरेखोटे पाहत नाही, संख्या मोजते. खरेखोटे पाहण्याचे काम उरते ते आपल्यासाठी.

इथे आम्हाला आमचीच चूक सांगणे भाग आहे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी एका उमेदवाराविषयी मजकूर आला: हा निवडून आला तर आपल्या दफनभूमीची जागा जाणार. रागाच्या भरात आम्ही तो तीन गटांवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "फादर, तुम्ही कागद पाहिला का?" कागद पाहिला नव्हता. चौकशी केली, तर असा प्रस्तावच नव्हता. आम्ही मजकूर काढून टाकला आणि गप्प बसलो. तोवर तो किती घरांत गेला होता, देव जाणे.

आम्ही मनाचे समाधान केले ते असे: संत ऑगस्टीन यांच्या मते असत्य म्हणजे फसविण्याच्या हेतूने खोटे सांगणे, आमचा तसा हेतू नव्हता. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला पळवाट लवकर सापडते! पण आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण तेवढ्यावर सोडत नाही. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा दोष खरा मानणे, हेही आठव्या आज्ञेविरुद्ध पाप आहे. आणि त्याची क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच. चोरलेली वस्तू परत करावी लागते, तसे हिरावलेले नावही परत द्यावे लागते.

म्हणून आम्ही त्या उमेदवाराच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो मजकूर खोटा होता, हे आज ह्या पत्रकातून तुम्हा सर्वांना सांगतो आणि तुमचीही क्षमा मागतो.

पुन्हा निवडणुका येतील, पुन्हा फोन वाजतील. तेव्हा एवढे करू या. राग आणणारा मजकूर आला, तर एक रात्र जाऊ द्यावी. ज्याच्याविषयी तो आहे, तो आपल्यासमोर बसला असता तर हे त्याच्या तोंडावर वाचले असते का, हे मनाला विचारावे. आणि चूक झालीच, तर ज्या गटावर खोटे टाकले त्याच गटावर खरे टाकावे. केवळ मजकूर पुसून पाप पुसले जात नाही.

मी सत्य आहे, असे सांगणारा प्रभू येशू खोट्या साक्षीने दोषी ठरविला गेला. त्या साक्षीदारांच्या रांगेत आपण उभे न राहावे, एवढी कृपा तो आपणांस देवो. आमेन.

आपले धर्मगुरू