दगडावरचं बोट

“हात लावू नकोस,” मी म्हणाले.

“लावू दे गं,” मामा म्हणाले.

दोघं एकदमच बोललो आणि माझा आठवीतला मुलगा बोट पुढे करून तसाच थांबला. समोर रावलापाणीचा खडक होता आणि खडकात गोळीने पाडलेला खळगा.

पुण्याहून आलेल्या आम्हा पाहुण्यांना सकाळी फिरवायचं, एवढाच बेत होता. मामांनी तळोदा-धडगाव भागात उभी नोकरी शिक्षक म्हणून काढली. ते आदल्या रात्रीच मुलाला म्हणाले होते, “उद्या तुला रणांगण दाखवतो.” नंदुरबारात आधी शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ला तिरंग्याच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. त्याला सोळावं पुरं व्हायचं होतं. मुलाने ते वय दोनदा विचारून घेतलं. मग पथाऱ्यांवर वाळणाऱ्या मिरचीचा ठसका घेत शहराबाहेर पडलो. हातोड्याच्या पुलावर तापी ओलांडली, तळोदा मागे टाकलं. सातपुड्याच्या पायथ्याला पळस पेटला होता आणि मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या.

गाडीतच मुलाने विचारलं, “मग ही लढाई जिंकली कोणी?”

मामा गप्प झाले, आणि माझं नि त्यांचं सुरू झालं ते तिथून.

“मामा, तुम्ही याला रणांगण कसं म्हणता? पानिपतावर दोन फौजा होत्या. इथे रावलापाणीला २ मार्च १९४३ला एका बाजूला इंग्रज सरकारच्या बंदुका होत्या आणि दुसऱ्या बाजूला नाल्यात जमलेले गुलाम महाराजांचे अनुयायी. पंधरा माणसं मेली. त्याला लढाई म्हटलं की गोळी घालणारा सुटतो. ‘चकमक’ हा शब्द त्यासाठीच तर असतो.”

“आणि हत्याकांड म्हटलं की काय उरतं? पंधरा प्रेतं. ती माणसं जिवंतपणी काय करत होती, हे मग कुणी विचारत नाही. मोरवडच्या गुलाम महाराजांनी काय सांगितलं? दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला एकत्र या, भेटलात की ‘आप की जय’ म्हणा. सावकार ज्याला ‘ए’ म्हणून हाक मारायचा, जमादार ज्याला शिवीनेच ओळखायचा, तो शेजाऱ्याला ‘आप’ म्हणू लागला. १९३८ला महाराज गेले. सरकारला वाटलं असेल, आता हे विरेल. पण त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले आणि माणसं जमतच राहिली. राज्य करणाऱ्याला याहून मोठं बंड कोणतं? सरकारने ते बरोबर ओळखलं होतं. म्हणून मी लढाई म्हणतो.”

“बंड म्हणा. लढाई नको.”

“का? १८५८ला याच डोंगररांगेत खाज्या नाईक आणि भीमा नाईक आंबापाणीला इंग्रजांशी लढले. तिथे तीरकामठे होते म्हणून ती लढाई, आणि इथे आरती होती म्हणून नाही? हत्यार हातात असल्याशिवाय माणूस लढला असं तू धरतच नाहीस.”

हे मला लागलं. थोडा वेळ बाहेर बघत राहिले.

“तसं नाही, मामा. तीरकामठा या लोकांच्या घराघरात होता. तरी यांचा मार्ग आरतीचा होता, तो त्यांनी निवडला होता. आपण त्यांना सैनिक केलं की ती निवड आपण त्यांच्याकडून काढून घेतो. मान देतो असं वाटतं, पण मान आपल्या मापाचा देतो.”

मामांनी चष्मा काढून पुसला. “हे मला सुचलं नव्हतं,” ते म्हणाले. मात्र रणांगण हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मीही पुन्हा तसा आग्रह धरला नाही. पंधरा जणांना काय म्हणावं हे मला आजही नीट ठरवता येत नाही. पाचांची नावं शहरात कोरलेली आहेत, शिरीषकुमारचं तर राज्यभर पाठ आहे. या पंधरांसाठी निदान शब्द तरी अचूक हवा, एवढीच माझी तळमळ होती.

आणि आता हे बोट.

“का नको?” मामांनी विचारलं.

“जालियनवाला बागेतल्या भिंतीवरच्या खुणा चौकटीत जपल्यात. तिथेही २०२१ला नूतनीकरण झालं आणि आत जायच्या अरुंद बोळात शिल्पं बसवली. बोळ अरुंद होता, उघडा होता, त्यातून जनरल डायरचे सैनिक आत आले. त्याला सजवल्यावर त्याचं सांगणंच गेलं. इथे उद्या चांगला रस्ता होईल, गाड्या येतील, प्रत्येक जण खळग्यात बोट घालून फोटो काढेल. लाख बोटं फिरली की दगड गुळगुळीत होतो.”

“आणि कुणीच बोट लावलं नाही, तर शंभर वर्षांनी लोक म्हणतील, नाल्याच्या पाण्याने पडलेला खळगा आहे.”

यावर मला उत्तर नव्हतं. मुलगा मात्र खडकाजवळ वाकला होता. शेजारी दुसरा खळगा होता, त्याच्यापलीकडे तिसरा. “आजोबा, यातला गोळीचा कोणता आणि पाण्याचा कोणता?”

मामा वाकले. मीही वाकले. आम्हा दोघांना सांगता येईना. सकाळपासून ज्या दगडाच्या साक्षीवर आम्ही वाद घालत होतो, तो दगड एकटा काहीच बोलत नव्हता. दर वर्षी २ मार्चला इथे माणसं जमतात, नमस्कार करतात, पोरांना दाखवतात. त्यांनी सांगितलं म्हणून ती गोळीची खूण. सांगणारे थांबले तर चौकट लावूनही तो नुसता खळगा. आम्ही स्पर्शाचं भलंबुरं तोलत बसलो होतो, आणि ते तोलण्याचा हक्क आमच्याकडे कुठून आला, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

वरून शेळ्यांच्या घंट्या वाजल्या. एक म्हातारा गुराखी नाल्यात उतरला. शेळ्या पाण्याकडे गेल्या. तो खडकापाशी आला, चपला काढल्या, तळवा दगडावर ठेवला, कपाळाला लावला आणि बाजूला जाऊन बसला. रोजच्यासारखं, कुणाकडे न बघता.

आम्ही तिघं बुटात उभे होतो.

मामा बुटाची नाडी सोडायला खाली बसले. गुडघे धरतात त्यांचे, मी हात दिला. मुलाने बूट काढून दगडांच्या कडेला नीट जोडीने ठेवले. मग तो खडकाकडे गेला नाही, म्हाताऱ्याकडे गेला, आणि खळग्याकडे हात करून विचारलं, “आजोबा, लावू का?”

म्हातारा भिलीत काहीतरी बोलला. मुलाने आमच्याकडे पाहिलं.

“तो विचारतोय,” मामा म्हणाले, “तुम्ही कुठल्या गावचे?”