देव कूर्मदासाकडे गेला



पैठणच्या कूर्मदासाची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी कीर्तनात ऐकली असेल. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीच्या ओढीने लोळत, सरपटत निघाला. वाटेत वारकऱ्यांनी त्याला चार घास भरवले. माढा तालुक्यातल्या लऊळ गावी मात्र शरीर थकले. एकादशी तोंडावर आली होती. त्याने वारकऱ्यांबरोबर पांडुरंगाला निरोप धाडला, "मला येणे होत नाही, आपणच यावे." आणि विठोबा लऊळला गेला.

देवाने "आधी चालायला शीक, मग ये" असे म्हटले नाही. उरलेले अंतर त्याने स्वतः चालून संपवले.

आपण ज्या अमेरिकेत राहतो, तिथे १९७५ पर्यंत अनेक शाळा अपंग मुलांना दारातूनच परत पाठवत. त्या वर्षीच्या कायद्याने त्यांना सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. १९९० पासून तो कायदा 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. मुलाची लेखी योजना, म्हणजे 'आय.ई.पी.', ठरवताना आईवडीलही बरोबरीने बसतात. जमेल तितके त्याला इतर मुलांसोबतच शिकवावे, असा दंडक आहे.

शाळेने दार उघडले. आपल्या मंदिराचे काय?

सांगताना संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आरती चालू असताना एक मुलगा कानांवर हात दाबून ओरडू लागला. मी त्याच्या आईला म्हणालो, "ताई, याला जरा बाहेर न्या." त्या गेल्या, आणि पुढे कित्येक महिने आल्याच नाहीत. नंतर दुकानात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, शाळेत त्याला सगळ्यांत बसवतात. आपल्याच माणसांत जागा मिळाली नाही." मुलाला ऑटिझम होता, झांजांचा आवाज त्याला सोसत नव्हता. कुणीतरी त्यांना 'पूर्वजन्मीचे भोग' असेही ऐकवले होते.

सज्जनहो, दुसऱ्याचे प्रारब्ध आपल्याला दिसत नाही. आपले क्रियमाण कर्म मात्र आपल्या हातात आहे. त्या दिवशी भोग त्या मुलाचे नव्हते, चूक माझी होती.

म्हणून विनंती. एखादी आरती झांजांशिवाय, हळू आवाजात होऊ द्या. रविवारच्या मराठी वर्गात अशा मुलाशेजारी एक मोठा मुलगा किंवा मुलगी बसवा. दूर्वा निवडणे, प्रसाद वाटणे, यांतले एखादे काम त्यालाही द्या. काय जमेल, हे त्याच्या आईवडिलांना विचारा.

आणि आईवडिलांनो, 'लोक काय म्हणतील' म्हणून मुलाला झाकून ठेवू नका. शंका असेल तर शाळेकडे तपासणीची लेखी मागणी करा. तिला पैसे पडत नाहीत.

ज्याचा एक दात मोडलेला आहे आणि ज्याचे मस्तक इतरांसारखे नाही, त्यालाच आपण अग्रपूजेचा मान देतो. त्याच्या मंडपात कुठलेही मूल दाराबाहेर राहू नये, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!