पाहुण्याचे पान आणि आपला मान

कोथरूडच्या एका माऊलीने आमच्याकडे प्रश्न पाठवला आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा गावाकडचे एक विणेकरी बुवा त्यांच्या घरी एका वेळेला जेवायला येतात. त्या लिहितात, "सोपं आणि पोटाला बरं म्हणून पिठलं-भाकरी करावी, तर घरची माणसं म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाची पिठल्यावर बोळवण करायची? थाट करावा, तर मन टोचतं, की हे बुवांसाठी चाललंय की आपल्या नावासाठी? काय करू?"

प्रश्न स्वयंपाकघरातला आहे म्हणून कोणी तो लहान समजू नये. परमार्थाची खरी परीक्षा कीर्तनात बसल्यावर होत नाही. चार माणसे जेवायला येणार म्हटल्यावर होते.

पहिली गोष्ट अशी की, पाहुणा तृप्त व्हावा, त्याने आनंदाने ढेकर द्यावा, असे वाटणे यात पाप नाही. नामदेवरायांची कथा सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी उचलून नेली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले; भाकरी कोरडी कशी खाणार, ही त्यांची कळकळ. म्हणजे अन्न गोड लागावे हा आग्रह संतांनाही होता. पण त्या कुत्र्याने गावभर जाऊन नामदेवांचे तूप वाखाणावे, अशी काही अपेक्षा त्यात नव्हती. सगळा फरक इथे आहे. वाढणाऱ्याची नजर पाहुण्याच्या पानाकडे असली तर ती सेवा. पाहुण्याच्या तोंडाकडे, आता हा काय म्हणतो म्हणून लागली, की तिथे दंभाने पाय ठेवलाच.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे, यज्ञाचे आणि दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाच्या आशेने किंवा दिखाव्यासाठी केलेला यज्ञ राजस. परतफेडीच्या हिशेबाने दिलेले दान राजस. यज्ञ तोच, दान तेच. हेतूने जात बदलते. तेराव्या अध्यायात अदंभित्व समजावताना ज्ञानोबामाऊलींनी शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. पेरलेले बी तो मातीने झाकतो, तसे आपले दानपुण्य झाकावे. उघडे पडलेले बी पाखरे टिपतात. आपल्या पाहुणचाराचेही तेच होते; ज्याला त्याला सांगत सुटलो की पुण्य वेचले जाते आणि हाती नुसते ताटांचे घासणे उरते.

मग थाट वाईट आणि साधेपणा चांगला, असा निकाल द्यावा काय? इथे जरा थांबले पाहिजे. कृष्ण हस्तिनापुरास शिष्टाईला गेला तेव्हा दुर्योधनाच्या घरी जेवला नाही, विदुराकडे जेवला. आपण 'विदुराच्या कण्या' म्हणतो; ती लोकांच्या प्रेमाने रचलेली कथा आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात पाहावे तर विदुराने शुद्ध आणि चांगले अन्नपान पुष्कळ वाढले, असे आहे. आणि दुर्योधनाला कृष्णाने कारण दिले तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याचे अन्न दोन प्रसंगी घ्यावे, एक त्याची प्रीती असेल तेव्हा, नाही तर आपण संकटात असू तेव्हा. तुझी प्रीती नाही आणि मी संकटात नाही. पक्वान्नांना त्याने दोष दिला नाही, आणि कण्यांची थोरवीही गायिली नाही. त्याने माणसाचे मन पाहिले.

म्हणून साधेपणाचाही दंभ असतो, हे विसरू नये. कोथरूड एके काळी शेताशिवारांचे गाव होते. आज तिथे इमारतींची दाटी आहे आणि 2022 सालापासून वनाजला मेट्रो आली आहे. आता शहरात पितळी ताटात, कंदिलाच्या उजेडात पिठलं-भाकरी मांडून तिचे भरपूर पैसे घेणारी हॉटेले आहेत. "आम्ही कसे साधे" हे दाखवण्यासाठी केलेले पिठले श्रीखंडाइतकेच राजस. आणि कित्येकदा साधेपणाच्या नावाखाली नुसता चिक्कूपणा लपतो, तोही ओळखावा.

तेव्हा विचारायचे ते एवढेच : या पाहुण्याला आज काय हवे आहे? बुवा आळंदीहून दिवसभर चालून आलेले. माऊलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबारायांची नाना पेठेत उतरते; मुक्काम संपला की माऊलींच्या वाटेने सासवडचा लांबचा टप्पा आणि दिवे घाटाची चढण. अशा माणसाला पुऱ्या-श्रीखंडाने सुस्ती येईल. त्याला हलके, गरम आणि वेळेवर मिळाले पाहिजे. योगिनी एकादशी याच सुमारास येते, म्हणून आधी तिथी पाहावी. उपवास असला तर भगर आणि दाण्याची आमटी. कांदा-लसूण चालतो की नाही, हेही आधीच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पुढे ठेवणे आणि मग "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय" म्हणणे हा मात्र जुलूम आहे.

पिठलेच करायचे तर मन लावून करावे. तिघाचौघांना वाटीभर डाळीचे पीठ तीन वाट्या पाण्यात गुठळी न राहील असे कालवावे. मोहरी, जिरे, हिंग, हळद, मिरचीची फोडणी देऊन ओतावे, ढवळत राहावे, आणि झाकण ठेवून मंद आंचेवर चांगली वाफ आणावी. घाईने उतरवले तर कच्च्या पिठाचा वास राहतो. ज्वारीचे पीठ ताजे दळलेले असावे. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. पाहुणा पानावर बसल्यावर भाकरी तव्यावर पडावी. सोबत दाण्याची चटणी, दही. सोपे अन्न म्हणजे निष्काळजी अन्न नव्हे.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींना सांगतो. थाट हवा म्हणणारे बहुधा ओट्याशी उभे नसतात. जनाबाईच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष पांडुरंग बसला, असे आपण मोठ्या प्रेमाने सांगतो आणि आपल्या घरात मात्र बाई एकटी राबते. बुवा बाहेर हरिपाठ म्हणताहेत आणि जिने त्यांना बोलावले ती आत तळणात अडकली आहे, यात कोणाचा सत्कार झाला? सोप्या स्वयंपाकाचे मोठे पुण्य हेच, की त्यामुळे सगळ्यांना पाहुण्यापाशी बसता येते.

शेवटची कसोटी नाथांची. पैठणला श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, आणि त्या काळी अस्पृश्य मानलेली भुकेली मंडळी दारावरून चाललेली. नाथांनी तेच अन्न त्यांना जेवू घातले. पान कोणाच्या मानाचे हे त्यांनी पाहिले नाही, भूक पाहिली. तेव्हा त्या माऊलीला आमचे सांगणे असे : तुम्ही खुशाल पिठलं-भाकरी करा आणि दोन भाकऱ्या जास्त थापा. बुवांना वाढाल तेच, तितकेच गरम, खाली इमारतीच्या फाटकाशी बसलेल्या राखणदारालाही पोचवा. आणि ते आणून दिले, हे बुवांना सांगू नका. मग तुमचे मन टोचते का पाहा.