किती फिरवावे?

शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपाशीच संपला. पुढची वर्षे मराठीचे तास घेण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात गेली. घरातला फ्यूज उडाला तरी शेजाऱ्यांना हाक मारणारा मी माणूस. तेव्हा ऐन दिवाळीत मी एका यंत्राविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण ते यंत्र माझ्या मुलीने केले आहे, आणि त्याने मला जो प्रश्न विचारला तो यंत्राचा नाही.

यंत्राचे काम साधे आहे : ढवळणे. मात्र भांड्यात डाव घालायचा नाही, की हात लावायचा नाही. भांड्याखाली एक डबा, डब्यात मोटार, मोटारीच्या आसावर एक चकती आणि तिच्यावर दोन लोहचुंबक, एकाचे उत्तर टोक वर, दुसऱ्याचे दक्षिण. वर काचेच्या भांड्यात, तळाशी, एक लोखंडी कांडी. खाली चुंबक फिरू लागले की काचेपलीकडे ती कांडीही त्यांच्याबरोबर फिरते आणि पाण्यात भोवरा उठतो. प्रयोगशाळांना ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत आर्थर रोझिंजर यांना अशा ढवळणीचे पेटंट १९४४ साली मिळाले.

मुलीला मोरचुदाचे स्फटिक करायचे होते. मोरचूद विषारी, म्हणून "माझे एकही भांडे मिळणार नाही," असे तिच्या आईने बजावले. झाकण फुटलेला प्लॅस्टिकचा एक डबा तेवढा तिने दिला. मोटार जुन्या टेपरेकॉर्डरची. पहिल्या दिवशी कांडी म्हणून खिळ्याचा तुकडा तसाच पाण्यात टाकला, तर थोड्या वेळात तो तांबूस झाला! मोरचुदातले तांबे लोखंडावर येऊन बसले होते. मग तो तुकडा प्लॅस्टिकच्या नळीत घालून तिने नळीची दोन्ही टोके मेणबत्तीवर वितळवून बंद केली.

खरी अडचण होती वेगाची. मोटार लावली की सुसाट सुटे. वीज कमी व्हावी म्हणून मध्ये अडथळा घातला, तर ती नुसती कण्हे आणि जागची हलेना. बोटाने ढकलली की एकदम पळे. यावरचा उपाय मुलीने मला समजावून दिला तेव्हा मी थक्क झालो. हान्स कामेनझिंड नावाच्या गृहस्थांनी रचलेली ५५५ आकड्याची एक आठ पायांची चकती १९७२ पासून बाजारात आहे. तिच्या साहाय्याने मोटारीला वीज कमी जोराची द्यायची नाही. पुऱ्या जोराचीच द्यायची, पण तुकड्यातुकड्यांनी. सेकंदाला शेकडो वेळा चालू, बंद, चालू, बंद. रेडिओसारखी एक घुंडी असते. ती पिळली की चालूचा वेळ वाढतो आणि बंदचा घटतो.

"म्हणजे वेग कशावर ठरतो?" मी विचारले.

"मधे विसावा किती देता त्यावर, बाबा," ती म्हणाली.

मी हौसेने घुंडी हातात घेतली आणि मास्तरी सवयीने भराभर पिळली. भोवरा मोडला. कांडी चुंबकांपासून सुटली आणि एका जागी थरथरू लागली, काचेवर तडतड वाजू लागली. मी आणखी पिळली. तिची थरथर तेवढी वाढली.

"बाबा, खालच्या मोटारीला कळत नाही की कांडी सुटली आहे," मुलगी म्हणाली. "ती आपली फिरतच राहते."

ती हे सहज बोलली. मला मात्र तिथे उभे राहवेना.

दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी नववीत होती. पहाटे चारला तिला मी उठवी. शाळेआधी एक शिकवणी, शाळेनंतर दुसरी, रात्री माझ्यासमोर बीजगणित. मुलगी तक्रार करीत नसे, आणि तक्रार नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मी धरून चाललो. वार्षिक परीक्षेत बीजगणिताचा पेपर तिने कोरा दिला. येत नव्हते म्हणून नव्हे. "तीन तास हात हललाच नाही," एवढेच ती म्हणाली. आणि त्यावर मी काय केले? तिसरी शिकवणी लावली. कांडी सुटली होती आणि मी घुंडी पिळीत होतो.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांना फिरवूच नये, आपसूक विरघळेल ते विरघळू द्यावे. इतके सोपे उत्तर मला पटत नाही. मोटार बंद ठेवून पाहा. मोरचूद तळाशी बसून राहतो आणि वरचे पाणी फिकेच दिसते. ज्याने कधी कुणाला ढकललेच नाही तो मास्तर कसला? चार बुके मी वाचली तीही एका गुरुजींच्या छडीच्या धाकाने. प्रश्न फिरवावे की नाही हा नाहीच. फिरवणाऱ्याने पाहावे कुठे, हा आहे. मी घुंडीकडे पाहत होतो. पाहायला हवे होते भांड्यात. शिवाय भांडे भांड्यासारखे नसते. पाण्यात जी कांडी निमूट फिरते, तीच साखरेच्या घट्ट पाकात त्याच वेगाला सुटते. शेजारच्या मुलाला जो वेग झेपला तो माझ्या मुलीला झेपलाच पाहिजे, हा हिशेब मी कुठल्या शास्त्रातून काढला होता कोण जाणे!

सुटलेली कांडी पुन्हा कशी धरायची, हेही तिनेच दाखवले. वेग थोडासा उतरवून भागत नाही. घुंडी पार मागे घ्यावी लागते, जवळजवळ थांबावे लागते. मग खालचे चुंबक कांडीला हळूच ओढून घेतात, आणि तिथून पुन्हा, सावकाश, सुरुवात. मागे घेताना मोटारीचा काही अपमान होत नाही. बापाचा होतो, असे बापाला वाटते. त्या तिसऱ्या शिकवणीला मुलगी सहा महिने गेली. नको असे ती म्हणाली नाही, आणि राहू दे असे मीही म्हटले नाही. त्याची माफी मी तिच्याजवळ अजून मागितलेली नाही. हा लेख छापून आला की तिच्यासमोर ठेवीन. समोरासमोर बोलण्याचे धैर्य लेखकांना कमीच असते.

पाणी गडद निळे झाल्यावर तिने यंत्र बंद केले. द्रावण गाळून बरणीत ओतले, दोऱ्याला मोरचुदाचा एक खडा बांधून आत सोडला, आणि बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. आता तिला कुणी धक्का लावायचा नाही, असा हुकूम सुटला आहे. ढवळून मोरचूद विरघळतो. पण मोठा स्फटिक हवा तर पाणी निवांत राहावे लागते.

रोज सकाळी मी फडताळापाशी जाऊन पाहतो. हात मागे बांधून.